बासष्ट सालचं अधिवेशन

शाहूपुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्यात अंतर असं फारसं नाहीच. गुळाच्या अडतीतून बाहेर पडायचं, थोडं चालायचं की फलाट लागतो. त्यामुळे कागदांची पिशवी पोटाशी धरून महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठणारा वकील आणि त्याच्या मागे धावणारा पक्षकार, ही जोडी या पेठेने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. उच्च न्यायालय मुंबईत, भांडण कोल्हापुरात. १७ ऑगस्ट २०२५ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची जागरणं वाचली. सरकारने कुणाला बेकायदा डांबलं तर ‘त्याला न्यायालयापुढे उभं करा’ असा अर्ज, वकिलांच्या तोंडचा हेबिअस कॉर्पस, आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत दाखल होतो. पेढे वाटले गेले, ते योग्यच झालं.

त्याच पावसाळ्यात दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली. तिच्याबद्दल मात्र पेठेत कुणी पेढे वाटले नाहीत आणि फार कुणी हळहळलंही नाही. ७ मे २०२५च्या पहाटे भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केलं. १० मेला गोळीबार थांबला, आणि तो थांबल्याची बातमी भारतीयांना सर्वांत आधी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या समाजमाध्यमावरच्या मजकुरातून कळली. विरोधी पक्षांनी संसदेचं खास अधिवेशन मागितलं, पत्रं लिहिली. अधिवेशन भरलं ते नेहमीचं पावसाळी, २१ जुलैला. लोकसभेत चर्चेला तोंड फुटलं २८ जुलैला, म्हणजे पहिलं क्षेपणास्त्र सुटल्यानंतर ८२ दिवसांनी.

ज्यांना नोव्हेंबर १९६२ आठवतो, त्यांना हा ८२चा आकडा टोचतो. तेव्हा चीनचा हल्ला झाल्यापासून संसद भरेपर्यंत १९ दिवस गेले होते आणि लढाई संपलेली नव्हती.

लढाईचा हुकूम कुणी द्यायचा, हा प्रश्न या मातीला नवा नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सेनापती स्वतंत्र होता, तरी बाकीच्या प्रधानांनाही प्रसंगी फौज घेऊन मोहिमेवर जावं लागे. अपवाद दोघांचा, न्यायाधीश आणि पंडितराव. निवाडा करणाऱ्याच्या हाती तलवार द्यायची नाही, एवढी समज सतराव्या शतकात होती. पुढे १६८९मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा त्यांनी इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला आणि त्यांना ‘हुकुमतपनाह’ किताब दिला. राजाच्या गैरहजेरीत राजाच्या नावाने हुकूम सोडायचा अधिकार असा त्याचा अर्थ. हेच पंत पुढे बावड्याचे आणि कोल्हापूरकरांचे ‘आज्ञापत्र’वाले. १७३१च्या वारणेच्या तहात साताऱ्याचा वैरी तो कोल्हापूरचा वैरी, असं कलम पडलं. १८१२मध्ये इंग्रजांशी तह झाला. मालवण गेलं आणि कंपनीच्या संमतीशिवाय कुणाशी लढाई करायची नाही, हे करवीरच्या गादीने मान्य केलं. तिथून पुढे या गावातून माणसं लढायला जात राहिली, पण कुणाविरुद्ध लढायचं ते दुसरीकडे ठरत राहिलं. पहिल्या महायुद्धात इथून भरती झाली, ती शाहू महाराजांच्या शब्दाखातर. १९४७मध्ये संस्थानांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या, त्यात संरक्षण हा पहिला विषय होता. १ मार्च १९४९ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं, राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत गेली.

मग संविधान आलं. इतका लांबलचक दस्तऐवज, कलमंच जवळपास चारशे. माणूस सहज समजून चालतो की लढाई कुणी पुकारायची हे त्यात कुठेतरी लिहिलेलं असणार. ते लिहिलेलं नाही. कलम ५३ म्हणतं, संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित होईल. कलम ७४ म्हणतं, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतील. सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या सूचीत पंधराव्या क्रमांकावर ‘युद्ध आणि शांतता’ असा विषय आहे, म्हणजे संसदेला त्यावर कायदा करता येतो. तसा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. पैसा मंजूर करायचा हक्क संसदेचा, पण फौज सरहद्द ओलांडते तेव्हा त्या वर्षीचं अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेलं असतं.

घटनेने तपशिलात लिहिलं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. युद्ध झालं तर नागरिकाचं काय होईल, हे कलम ३५२पासून पुढे सविस्तर आहे: आणीबाणी कशी जाहीर करायची, मूलभूत हक्क कसे थांबवायचे, राज्यांचे अधिकार केंद्राने कसे घ्यायचे. शत्रूवर चाल करण्याचा दरवाजा सताड उघडा आणि घरच्या माणसावर चाल करण्याच्या दरवाजाला मात्र कडी-कोयंडे. निदान कोयंड्याची जागा तरी. त्या कोयंड्यात कुलूप घालायला पुढे २८ वर्षं लागली.

कागदावर जे नव्हतं ते सवयीवर चाललं, आणि ती सवय पडली बासष्टमध्ये.

२० ऑक्टोबर १९६२ला चीनने लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) अशा दोन्हीकडे हल्ला केला. २६ तारखेला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी देशातली पहिली आणीबाणी जाहीर केली, त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. जनसंघाचं शिष्टमंडळ नेहरूंना भेटलं. त्यात राज्यसभेतले ३७ वर्षांचे खासदार अटलबिहारी वाजपेयी होते. संसद ताबडतोब बोलवा, एवढीच मागणी. नेहरूंनी ती मान्य केली आणि अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला भरवलं. हल्ल्याच्या वेळी संरक्षणमंत्री असलेले कृष्ण मेनन आदल्या दिवशी मंत्रिमंडळातून गेले होते, स्वपक्षाच्याच खासदारांनी त्यांना राहू दिलं नव्हतं. चर्चा गुप्त ठेवावी अशीही सूचना पुढे आली. नेहरूंनी ती झिडकारली. लोकांना कळू दे म्हणाले. लोकसभेत १६५ जण बोलले. नेहरूंच्या चीन धोरणाची तोंडावर लक्तरं निघाली. बॅरिस्टर नाथ पै तेव्हा राजापूरचे खासदार होते. कोकणाने असा माणूस तीनदा लोकसभेत पाठवला, ही गोष्ट आजची भाषणं ऐकताना सांगावीशी वाटते. १४ नोव्हेंबरला ठराव मंजूर झाला, तो नेहरूंचा वाढदिवस. चारच दिवसांनी नेफातलं से ला पडलं, मग बोमडिला.

म्हणजे सभागृहात पंतप्रधानांना जाब विचारला जात होता तेव्हा जवान खंदकात होते. ‘आता बोलू नका, सैन्याचं मनोधैर्य खचेल’ हा युक्तिवाद तेव्हाही सुचला असेलच कुणाला. नेहरूंच्या अनेक चुका बासष्टमध्ये उघड्या पडल्या, आणि त्या उघड्यावर पडू दिल्या हेही त्यांच्याच नावावर मांडायला हवं.

मात्र त्या अधिवेशनाचं पोवाड्यासारखं कौतुक करायचं तर दुसरी बाजू झाकावी लागेल. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता की कलम २१ आणि २२च्या हक्कांसाठी भारत संरक्षण वटहुकुमाखालच्या कुणालाही न्यायालयात जाता येणार नाही. ११ तारखेला त्यात कलम १४चीही भर पडली. जीवित, स्वातंत्र्य, समानता. सभागृहात १६५ जण बोलत असताना सभागृहाबाहेरच्या माणसाचं तोंड बंद झालं होतं, आणि आणीबाणीला मान्यता त्याच सभागृहाने दिली. लढाई महिनाभरात आटोपली, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ला. लढाई एक महिना आणि आणीबाणी पाच वर्षं, दोन महिने, पंधरा दिवस.

कोल्हापूरला या पाच वर्षांची झळ बसली ती सरहद्दीवरून नव्हे, सोनारांच्या गुजरीतून. ९ जानेवारी १९६३ला अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा दागिना घडवायला बंदी. साधा विचार केला तर हा अर्थखात्याचा मामला: चोरटी आयात, परकीय चलन वगैरे. पण त्यासाठी स्वतंत्र कायदा मांडून संसदेत वाद घालण्याची तोशीस कोण घेणार? भारत संरक्षण नियम हाताशी होते. त्यांतच एक नवा भाग घुसडला आणि काम झालं. चीनशी लढण्यासाठी मागितलेला अधिकार महाद्वार रोडच्या बाजूच्या बोळात, शेगडी आणि फुंकणी घेऊन बसलेल्या सोनाराच्या मांडीवर येऊन बसला.

१४ कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी भेसळ. असं सोनं कडक होतं, रंग उतरतो. कोल्हापुरी साजाची पानं, ठुशीचे बारीक मणी यांना लागतो तो मऊपणा त्यात नसतो. बायकांनी ते घेतलं नाही. देशभर सोनार देशोधडीला लागले, आत्महत्या झाल्या. ज्या घरांनी दोनच महिन्यांपूर्वी राष्ट्रीय संरक्षण निधीला बांगड्या काढून दिल्या होत्या त्याच घरांतल्या लग्नाचे दागिने अडले. १४ कॅरेटची अट १९६६मध्ये सुटली, १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा वेगळा कायदा झाला, त्याची काही कलमं सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केली आणि उरलेलं लोढणं १९९०पर्यंत गळ्यात राहिलं. मोरारजींच्या सचोटीच्या कथा सांगणाऱ्यांनी ही एक कथाही सांगत जावी. गुजरीत अजून ती सांगितली जाते, पण तिथे ती हळू आवाजात सांगायची पद्धत नाही.

आता यशवंतराव चव्हाण. मुंबईहून दिल्लीला बोलावणं आलं तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं सारा महाराष्ट्र म्हणाला. कोल्हापूरला त्यात जास्तीचा अभिमान, कारण गडी राजारामियन, बी.ए. इथलं. संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी शपथ घेतली तो दिवस चीनच्या युद्धबंदीचाच. मेनन सेनाधिकाऱ्यांच्या नेमणुकांत आणि डावपेचांत हात घालत. चव्हाणांनी ते थांबवलं, रोज सकाळी तिन्ही दलप्रमुखांना समोर बसवून ऐकून घ्यायची प्रथा घातली. धोरण मंत्र्याचं, लढाई सेनापतीची, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी वाटणी प्रत्यक्षात बसवली ती या माणसाने. ते श्रेय त्यांचं आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये.

पण २ सप्टेंबर १९६३ हा दिवस घ्या. बासष्टच्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी केली होती. त्या दिवशी चव्हाण लोकसभेत उभे राहिले, अहवालाचा गोषवारा सांगितला आणि अहवाल सभागृहापुढे ठेवायला नकार दिला. शत्रूच्या हाती पडेल, हे कारण. ते कारण १९६३ला खरंही असेल. तेच कारण नंतरच्या प्रत्येक सरकारने, प्रत्येक पक्षाच्या, वापरलं. २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकार दरबारी तो गोपनीयच राहिला. ज्या संसदेने सात दिवस बसून लढाईवर चर्चा केली तिला लढाई का हरली हे वाचू द्यायचं नाही, असा हा पायंडा आहे. आणि तो आपल्याच माणसाने पाडला आहे.

योगायोग असा की त्याच २ सप्टेंबरला, दिल्लीतच, सर्वोच्च न्यायालयाने माखन सिंग खटल्याचा निकाल दिला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर जन्माने साताऱ्याचे. चव्हाण देवराष्ट्रेचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलेच. एका जिल्ह्याची दोन माणसं, एक सभागृहाचं दार लावून घेत होता, दुसरा न्यायालयाचं किलकिलं करत होता. गजेंद्रगडकरांनी मूळ मुद्दा सरकारच्या बाजूने दिला: हक्क स्थगित आहेत, ते बजावून मागता येणार नाहीत. पण पुढे नोंदवून ठेवलं की अटकेचा हुकूम त्या कायद्यातच बसत नसेल किंवा दुष्ट हेतूने काढलेला असेल, तर न्यायालय ऐकून घेईल. एवढीशी फट ठेवली त्यांनी. निकाल वाचताना ती वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावी इतकी लहान.

त्या फटीतून दोन वर्षांनी एक मराठी पुस्तक बाहेर आलं. कॉम्रेड प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. लिहायला परवानगी होती. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हटल्यावर महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. अणूच्या रचनेवरच्या पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला काय धोका होता, हे सरकारला कुठेच सांगता आलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं! तिथे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सांगितलं की स्थानबद्धाला ज्या अटी घातल्या आहेत त्यांत पुस्तक छापायला बंदी नाही. मग ही बंदी कायद्याबाहेरची, आणि कायद्याबाहेरच्या गोष्टीला आणीबाणीचं छत्र मिळत नाही.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने पंजाबची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने चाल केली.

त्या आठवड्यावर थोडं थांबायला हवं, कारण अधिकारांची वाटणी एरवी पुस्तकात असते, त्या आठवड्यात ती चालताना दिसली. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत विमानं वापरायची परवानगी दिली. घटनेने सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना दिलेलं. विमानं उडाली ती चव्हाणांच्या शब्दावर. तो निर्णय बरोबर होता, आणि इतक्या घाईच्या वेळी संसदेला विचारायला हवं होतं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. ६ तारखेला सैन्याने सीमा ओलांडल्याचं निवेदन चव्हाणांनी त्याच दिवशी लोकसभेत केलं, कारण लोकसभा बसलेली होती. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याखालच्या एका कैद्याची वही सोडवली. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, तिथेच डॉ. राममनोहर लोहियांची पाटण्यातली अटक बेकायदा ठरली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, हे नागपूरच्या उच्च न्यायालयातून पुढे गेलेले, यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पून दाखवली: बाहेरचं मोठं साध्या कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातल्या खटपटीसाठी आतल्या वर्तुळाचं हत्यार काढता येत नाही. सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर तेव्हा गजेंद्रगडकर होते. लाहोरजवळ तोफा चालू असताना न्यायालयाने सरकारला लागोपाठ दोन दिवस हरवलं आणि देश बुडाला नाही.

गंमत म्हणजे पासष्टच्या युद्धासाठी आणीबाणी जाहीर करावीच लागली नाही. बासष्टची उठवलेलीच नव्हती.

१० जानेवारी १९६६ला ताश्कंदला करार झाला, रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यायची ठरली. आपल्याकडे करारावर सही करायला संसदेची आधी संमती लागत नाही, त्यामुळे खासदार त्यावर बोलले ते नंतर. मंत्रिमंडळातले महावीर त्यागी राजीनामा देऊन मोकळे झाले. पंतप्रधान शास्त्रीजी त्याच रात्री गेल्यामुळे देशाने त्या विषयावर भांडायचंच सोडून दिलं. मग चव्हाण गृहमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८च्या जानेवारीत, आणीबाणी उठली. सहावं वर्ष लागलं होतं. १९७१ला संसद पुन्हा बसलेली होती. ३ डिसेंबरला नवी आणीबाणी आली, बांगलादेशाला मान्यता दिल्याचं इंदिराबाईंनी ६ तारखेला सभागृहात सांगितलं आणि १६ तारखेला ढाक्याच्या शरणागतीची बातमीही लोकसभेतच दिली. ज्यांनी ती त्या संध्याकाळी रेडिओवर ऐकली ते आजही वर्णन करताना उभे राहतात. करोत बापडे. तेव्हाची खरी ऐट जिंकण्यात होती तशी ती बातमी पहिल्यांदा लोकांच्या प्रतिनिधींना सांगण्यातही होती.

पण ३ डिसेंबर १९७१ची ती आणीबाणी ढाका पडल्यावर उठवायला कुणी गेलंच नाही. ती तशीच अंथरलेली राहिली आणि २५ जून १९७५च्या रात्री तिच्यावर दुसरी, ‘अंतर्गत अशांतते’ची, पसरली गेली. पुढचा इतिहास २०२५च्या जूनमध्ये पन्नाशीच्या निमित्ताने इतका दळून झाला आहे की इथे पीठ पुन्हा चाळण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी मात्र या मागोव्याच्या वाटेत येतात. पहिली: राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही रात्री केली आणि मंत्रिमंडळाला सकाळी सहाला बोलावून सांगण्यात आलं. त्या टेबलाशी परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. छांबच्या दुपारी काही मिनिटांत निर्णय घेणारा हा माणूस त्या सकाळी काही बोलला नाही. महाराष्ट्राने त्यांना पुढे बरंच काही माफ केलं, ही सकाळ सोडून. निदान प्रस्तुत लेखकाने तरी केलेली नाही.

दुसरी: २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात गजेंद्रगडकरांची फट बुजवली. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकायचं धाडस दाखवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन सांगितलं की कुणीही दारात येऊ नये. चारांत एक यशवंत विष्णू चंद्रचूड, मराठी न्यायमूर्ती. एकटे हंसराज खन्ना विरोधात. चूक अधिकृतपणे निस्तरली गेली २०१७मध्ये, आणि तो निकाल लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते.

१९७७ला कोल्हापूरने शेकापचे दाजीबा देसाई दिल्लीला पाठवले. त्याच लोकसभेने चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. आणीबाणीसाठी आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, ‘अंतर्गत अशांतता’ गेली आणि ‘सशस्त्र उठाव’ आला, दोन्ही सभागृहांची मंजुरी महिन्याच्या आत आणि दोन-तृतीयांशाने, दर सहा महिन्यांनी पुन्हा. कलम २० आणि २१चे हक्क कधीच थांबवता येत नाहीत. शिवाय लोकसभेच्या एक-दशांश सभासदांनी लेखी नोटीस दिली तर आणीबाणी उठवण्यावर विचार करायला १४ दिवसांत खास बैठक भरवावीच लागते. आजच्या ५४३च्या सभागृहात ही संख्या होते ५५. पंतप्रधान होते मोरारजी, बासष्टच्या आणीबाणीचा सर्वांत हुशारीने वापर केलेले.

कुलूप लागलं ते असं, आणि ते घरच्या दरवाजाला लागलं. सरहद्दीकडच्या दरवाजाबद्दल त्या दुरुस्तीत चकार शब्द नाही. लढाईवर खास बैठक मागण्यासाठी ५५ काय, अडीचशे खासदारही पुरे पडत नाहीत. राष्ट्रपती अधिवेशन बोलावतात सरकारच्या सल्ल्याने, आणि सरकारला वाटलं तरच.

नंतरची वर्षं भराभर उलटावीत. १९८७ला राजीव गांधींनी श्रीलंकेशी करार करून शांतिसेना पाठवली. हजारावर जवान तिथे कामी आले, सेना पाठवायची की नाही यावर सभागृहात मतदान झालं नाही. १९९९ला कारगिल. सरकार एका मताने पडून लोकसभा विसर्जित झालेली, तेच सरकार आता काळजीवाहू. राज्यसभा होती, ती कधी विसर्जित होत नाही. विरोधकांनी तिची खास बैठक मागितली, ती भरली नाही. नाही म्हणणारे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते. बासष्टला नेहरूंकडे अधिवेशन मागणारे आणि मिळवणारे तेच. जून २०२०ला गलवानमध्ये वीस जवान गेले. १९ तारखेला सर्वपक्षीय बैठक, अधिवेशन सप्टेंबरात, तेही प्रश्नोत्तराच्या तासाविना.

२०२५लाही सर्वपक्षीय बैठकाच झाल्या, २४ एप्रिल आणि ८ मे. हा नवा रिवाज दिसायला सोज्वळ आहे: सगळे पक्ष एका टेबलाशी, चहा, बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे एकजुटीचे दोन शब्द. पण त्या बैठकीत कोण काय बोललं याचा शब्दशः वृत्तांत कुठे छापला जात नाही. कुणी खोटं सांगितलं तर हक्कभंग लागत नाही. बासष्टच्या नोव्हेंबरात त्या १६५ जणांपैकी कोण काय म्हणालं, ते लोकसभेच्या कार्यवृत्तात आज कुणालाही वाचता येतं. नेहरूंना ते चांगलंच जड गेलं आहे. ८ मेच्या बैठकीचं तसं काही वाचायचं म्हटलं तर वर्तमानपत्रांच्या सूत्रांवर भागवायचं.

दुसरीकडे तरी बरं चाललंय का, असं कुणी विचारेल. अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारायचा अधिकार स्पष्ट शब्दांत काँग्रेसला दिलाय. शेवटचं रीतसर पुकारलं ते १९४२ला. व्हिएतनामनंतर, १९७३मध्ये, निक्सनचा नकाराधिकार मोडून त्यांनी ६० दिवसांची मुदत घालणारा कायदा केला. जून २०२५मध्ये इराणवर बाँब पडले तेव्हा काँग्रेसला आधी विचारलं नव्हतं, आणि अध्यक्षांना आवरणारा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ असा पडला. म्हणजे कलम असूनही भागत नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच काही लिहिलेलं नाही, तरी २०१३ला सीरियावर हल्ला करायचा की नाही हे पंतप्रधान कॅमेरून सभागृहात घेऊन गेले, २७२ विरुद्ध २८५ असे हरले आणि विमानं उडाली नाहीत. तिथे सवय टिकली, निदान त्या दिवशी.

कोल्हापुरात हा विषय निव्वळ वकिलांचा नाही. शिरोळ तालुक्यात गावाच्या नावातच सैनिक असलेली सैनिक टाकळी आहे. टेंबलाईच्या माळावर प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन आहे. रजा संपवून निघालेला जवान आणि त्याला पोचवायला आलेलं घर शाहूपुरीच्या फलाटावर अजून दिसतं, लोखंडी ट्रंकेच्या जागी आता पाठीवरची बॅग असते, एवढाच फरक. मेच्या त्या चार दिवसांत रजा रद्द झालेले असे किती जण तिथून गेले ते पेठेने पाहिलं. त्यांना कुणी पाठवलं, कुठवर जायचं आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबायचं, याबद्दलचे प्रश्न त्यांच्या खासदाराने विचारले तेव्हा रजेची नवी पाळी लागली होती.

सर्किट बेंचच्या इमारतीत आता पक्षकारांची गर्दी असते. जमिनीचे वाद, नोकरीतली प्रकरणं, जामिनाचे अर्ज. वकिलांच्या कपाटांत जुन्या निकालांचे खंड लागलेत. त्यांत १९६६च्या खंडात ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी’ आहे, कैद्याची वही सोडवणारा. हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यातून अजून सुटलेला नाही.